अंगठ्याखालचा डाग

ट्रॉय, मिशिगन
३ जुलै १९९६

चि. मैत्री,
जय भीम.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो खरं, पण तो फोन म्हणजे पंगत. एका रिसीव्हरवर अतुल, दुसऱ्यावर सूनबाई भावना, आणि मी मधेच 'जेवलीस का?' विचारून मोकळी होते. आत्या-भाचीचं बोलणं पत्रातच बरं.

मे महिन्यात कॉलेजने शाल देऊन मला घरी बसवलं आणि अतुलने घरी बसू न देता इकडे आणलं. आता त्याने माझ्या कायमच्या राहण्याचे कागद तयार ठेवलेत. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. रोज ऑफिसला जाताना म्हणतो, "आई, सप्टेंबरपर्यंत डिसाइड कर. तू फक्त हो म्हण, बाकी सगळं मी हँडल करतो." बेसमेंटमध्ये माझ्यासाठी खोली बांधतो आहे. संध्याकाळभर खाली ठोकाठोक चालते. मी 'बघू' म्हटलंय. त्या 'बघू'चा अर्थ अजून मलाही कळलेला नाही.

घरामागे बिल्डरने पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं आहे. दुपारी सगळी कॉलनी कामावर गेली की मी तिथे खुर्ची टाकून बसते. ऊन पाण्यावर आणि पाणी उन्हावर असं काहीतरी चाललेलं असतं, आणि त्यात चार पंखांचे चतुर. परवापासून लाल चतुरांनी माझी परीक्षा घेतली. एका ओळीत तिघं बसलेले, तिघंही लाल शेपटीचे, काळ्या पायांचे, एकाच मापाचे. मी सरसकट एकच समजून मोकळी झाले होते. मग अतुलच्या जुन्या रॅकेटच्या तारा काढल्या, चौकटीला पडद्याचं जाळीचं कापड शिवलं आणि एकेकाला पकडून भिंगातून बघितलं. एकाचं तोंड पांढरंशुभ्र, एकाचं लालसर, एकाचं मातकट! तीन वेगळ्या जाती, बाई. अंगाच्या रंगावर भाळायचं नाही, तोंड बघायचं. वर्गात तीस वर्षं हेच सांगितलं आणि पहिल्याच दिवशी विसरले.

आता खरी गोष्ट. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या मैदानावर, संध्याकाळी, एवढ्या गर्दीच्या डोक्यावर जे पिवळे चतुर तरंगत असतात ते आठवतात ना? कधी न बसणारे? 'आत्या, हे जेवतात कधी?' असं तू विचारायचीस. इथल्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकात तोच निघाला. वाऱ्यावर समुद्र ओलांडतो आणि म्हणे इथेही येतो. मी त्याला भटक्या म्हणते. पण इथे त्याचा एक हुबेहूब भाऊ आहे, फक्त इकडच्या खंडांतला. आपल्याकडे तो नसतोच. त्याच्या मागच्या पंखाच्या मुळाशी तपकिरी डाग असतो. उडताना तो डाग दिसणं कठीण. हातात घेतल्याशिवाय शपथ घेता येत नाही.

तेव्हा मी ठरवलंय. बिनडागाचा भटक्या इथे हातात आला, माझ्या ट्रॉयला किंवा तुझ्या चँडलरला, तर मी राहीन. नाही आला तर ऑक्टोबरच्या विमानाने घरी. आपण नवस बोलत नाही, कौल लावत नाही, म्हणून याला पैज म्हणू. अतुलला सांगू नकोस.

तुझी
आत्या


चँडलर, ॲरिझोना
१४ जुलै १९९६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

अंधश्रद्धेवर गल्लीत भाषणं देणारी माझी आत्या एका किड्याला विचारून आयुष्य ठरवणार! आणि वर म्हणते पैज. आजोबा असते तर त्यांनी तुला पुन्हा पहिलीत बसवलं असतं. पण पैज मला मान्य आहे. मी इकडची बाजू सांभाळते.

आमच्या कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालावा लागतो, फक्त डोळे उघडे. पहिल्या महिन्यात सगळेच मला सारखे दिसायचे. आता चालीवरून ओळखते. त्यामुळे तुझे लाल तिघं वाचून हसले. शिफ्ट संपवून बाहेर आलं की ऊन अंगावर येतं, आणि पार्किंगपर्यंत चालताना मला कितीतरी वेळ वाटत राहतं की मी अजून त्या पांढऱ्या सूटमध्येच आहे, हळूहळू तरंगते आहे.

घराजवळ कालवा आहे, पलीकडे लसणघासाची हिरवी शेतं. माझी रूममेट राधिका पुण्याची आहे. ती म्हणते, "मैत्री, एकशेदहा डिग्रीत किडे बघायला कोण जातं यार?" तरी ती येते. काल शेतावर पिवळे चतुर होते. खूप होते, आत्या! वर-खाली, वर-खाली, एकसुद्धा बसत नव्हता. त्यांच्याकडे बघता बघता मी कुठे उभी आहे ते विसरले. तुझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर असल्यासारखं वाटलं. जाळं मारलं, पण हाती वारा आला.

ते भटक्याच असणार. मला तर खात्री आहे. पण तुझा नियम हातात घ्यायचा, म्हणून पुन्हा जाईन. बेसमेंटच्या खोलीला खिडकी आहे का? अतुलदादाला म्हणावं, तळ्याच्या बाजूला ठेव.

तुझी
मैत्री


ट्रॉय
२८ जुलै १९९६

चि. मैत्री,
जय भीम.

तुझी खात्री ठेव तुझ्यापाशी. ज्याला काही हवं असतं, त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा दुसरा नियम लिहून घे. आणि पकडलास तर चारही पंख पाठीवर एकत्र मिटून मधोमध धर, लहानपणी शिकवलं होतं तसं. मुळाशी दाबू नकोस, दुखतं त्याला.

इकडे तळ्यावर या महिन्यात डागवाले दोन मिळाले. बाकी काही नाही. गेल्या शनिवारी अतुलच्या कंपनीत फॅमिली डे होता. कारखाना दाखवला, आइसक्रीम दिलं, बाहेर नव्या कोऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. उन्हात त्यांची बॉनेटं इतकी चकाकत होती की डोळे मिटावे लागले. फार चाललं, पाय दुखले, बाकी विशेष नाही.

दुपारी खुर्चीत डोळा लागतो, आणि मग स्वप्न आणि तळं यांच्यात फारसा फरक राहत नाही. काल स्वप्नात मैदान होतं, पण माणसं नव्हती. नुसत्या पांढऱ्या साड्या वाळत घातलेल्या, लांबच लांब, आणि वर पिवळे पंख. माझे बाबा पाण्याच्या माठाशी उभे राहून म्हणत होते, 'घोटभर पाणी दे गं सगळ्यांना.' छप्पन साली त्या मैदानावर गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. यंदा चाळीस वर्षं होतील. आपल्या गल्लीचा पाण्याचा स्टॉल या वर्षी कोण बघेल, कुणास ठाऊक. पद्मिनीबाई बघतील म्हणा. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, पण बघतील.

खिडकी आहे. तळं नाही दिसत, वर जमिनीला लागून गवताची मुळं दिसतात. भावनाने तिला सुंदर पडदा शिवलाय.

आत्या


चँडलर
११ ऑगस्ट १९९६

प्रिय, प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम!

मिळाला! सोबत फोटो. आज सकाळी कालव्याच्या कडेला पालो वर्देच्या झाडाखाली एक चतुर फांदीला लोंबकळत होता. जाळं लागलंसुद्धा नाही, हातानेच धरला. राधिकाने फोटो काढला आणि तासाभरात दुकानातून धुऊन आणला. बघ, डाग आहे का? नाही! भटक्याच आहे. नागपूरहून आला असेल, नाहीतर त्याची पणजी आली असेल.

तू राहणार, आत्या. मी नाताळात ट्रॉयला येईन, उन्हाळ्यात तू इकडे यायचं. राधिका म्हणते, तुझ्यासाठी तिची कॉट देईल. तुला कोकराच्या मटणाचं दुकान शोधून ठेवलंय. दादाला तू सांगणार की मी सांगू?

कामावर दिवसभर त्या सूटच्या आत हसत होते. कुणाला दिसलं नाही.

तुझी
मैत्री


ट्रॉय
२० ऑगस्ट १९९६

मैत्री बाळा,

फोटो भिंगातून बघितला. उजेडात बघितला, खिडकीशी बघितला.

मी तुला पंख मधोमध धरायला शिकवलं. सहा वर्षांची असल्यापासून तू तसाच धरतेस, तुझा हात चुकत नाही. या फोटोत मात्र तू मुळाशी धरला आहेस. डाग जिथे असायला हवा, बरोब्बर तिथे तुझा अंगठा आहे.

तो एक वेळ चुकून आला म्हणाले असते. पण भटक्याचं तोंड पिवळं असतं, राणी. याचं लाल आहे. अंगठ्याने तू डाग झाकलास, तोंड झाकायचं राहिलं. पहिल्याच पत्रात सांगितलं होतं की तोंड बघायचं.

मी रागावलेली नाही. फोटो घेऊन तळ्यावर गेले आणि बसून राहिले. वहिनी गेल्यावर तुझ्या बाबांनी तुला माझ्या दारात आणून सोडलं, त्या दिवशीही तू असंच काहीतरी मुठीत झाकून आणलं होतंस. चिमणीचं पीस होतं. मला दाखवायला दोन दिवस लावलेस. तुझी मूठ मला तेव्हापासून ओळखीची आहे, आणि या अंगठ्याकडे बघून मला रडू आलं. तुला मी इतकी हवी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तू तीन वर्षं घरापासून लांब राहतेस, नोकरी करतेस, गाडी चालवतेस, मला वाटलं होतं पोर सुटली माझ्या हातून.

पण पैज ती पैज. भटक्या अजून मिळालेला नाही. सप्टेंबर लागायला थोडेच दिवस आहेत.

आत्या


चँडलर
२ सप्टेंबर १९९६

प्रिय आत्या,

झाकला होता. राधिका म्हणत होती, "ही चीटिंग आहे." मी म्हटलं, आत्याला चष्मा लागलाय, कळणार नाही. चष्म्याला मी कमी लेखलं. सॉरी.

पण आता तू ऐक. मागच्या आठवड्यात रविवारी तुझा फोन झाल्यावर तू झोपायला गेलीस आणि दादा लाइनवर राहिला. सहज गप्पा चालल्या होत्या. तो हसत म्हणाला, "आईला किड्यांचं वेडच लागलंय. फॅमिली डेला सगळे बार्बेक्यूपाशी, आणि ही पार्किंग लॉटमध्ये एका लाल गाडीभोवती चकरा मारतेय! एक पिवळा ड्रॅगनफ्लाय बॉनेटवर शेपटी आपटत होता. हिने पदराने पकडला, चष्मा वर करून बघितला, आणि लॉटच्या टोकाला नेऊन सोडून आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, काही नाही, याला डाग नाही. आय डिडन्ट गेट इट."

त्याला नाही कळलं. मला कळलं.

'फार चाललं, पाय दुखले, बाकी विशेष नाही.' व्वा, आत्या. तू जुलैमध्येच पैज हरली होतीस! भटक्या तुझ्या हातात आला, तू बघितलास, सोडून दिलास, आणि मला डागवाल्यांच्या गोष्टी लिहीत बसलीस. मी अंगठ्याने डाग झाकला. तू तर अख्खा चतुर झाकलास.

मला दोन दिवस राग आला होता. मग तिसऱ्या दिवशी त्या सूटमध्ये उभी असताना एकदम समजलं. मला तू राहायला हवी होतीस, म्हणून मला नसलेला दिसला. तुला राहायचं नाही, म्हणून तुला असलेला दिसेना. दोघींच्याही डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, तुझाच नियम.

मला तुझ्याशिवाय करमत नाही. हे मी पैज न लावता, फोटो न पाठवता सांगते. आता तूही तसंच सांग. चतुर बाजूला ठेव. तुला काय हवंय?

मैत्री


ट्रॉय
१२ सप्टेंबर १९९६

मैत्री,

मला घरी जायचं आहे.

बघ, किती छोटं वाक्य. चार महिने ते लिहायला घाबरत होते. इथे कुणी वाईट वागवलं असतं तर पहिल्या आठवड्यात बोलले असते. सगळे इतके चांगले वागतात की तोंड उघडवत नाही.

त्या दिवशीचं सांगते. ती मादी होती. लाल बॉनेटवर पुन्हा पुन्हा शेपटी टेकवत होती, अंडी घालत होती. चकाकतं ते पाणी, एवढंच तिला माहीत. समुद्र ओलांडणारी जात आणि फसली ती एका गाडीला! पत्रा इतका तापला होता की मी बोट टेकवलं तर भाजलं. मी तिला धरलं, पंख बघितले, डाग नव्हता. तोंड पिवळंधमक. आपल्या मैदानावरची. आधी आनंद झाला, आणि लगेच धास्ती वाटली की आता राहावं लागणार. ती धास्ती वाटली तेव्हाच उत्तर मिळालं होतं, पण मी ते पदराखाली घेतलं. तिला लॉटच्या टोकाला, गवतातल्या ओहोळापाशी नेऊन सोडलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी खाली गेले. अतुल भिंतीला पॉलिशपेपर घासत होता. खोली खरंच चकाचक झाली आहे. मी म्हटलं, "अतुल, तू फार प्रेमाने बांधलीस. मी इथे राहीन, जेवेन, झोपेन. पण माझं इथे काही उगवायचं नाही रे." तो घासतच राहिला. मला वाटलं ऐकलं नाही. मग पाठमोराच म्हणाला, "आय न्यू, आई. तू तळ्यावरून आलीस की कायम पश्चिमेकडे बघतेस." मी म्हटलं, नागपूर पूर्वेला आहे. तर म्हणाला, "दोन्हीकडून तेवढंच लांब आहे." मग आम्ही दोघं हसलो, आणि तो रडला, मीही रडले. भावना चहा घेऊन खाली आली आणि आमच्याजवळ पायरीवर बसली. शेवटी अतुलने विचारलं, "पेंट कुठला लावू, ते तरी सांग. दर दोन वर्षांनी येशील ना?" मी पिवळा सांगितला.

तिकीट बदललं आहे. चोवीस तारखेला तुझ्याकडे येते, आठ दिवस राहीन आणि तिथूनच पुढे. राधिकाला सांग, कॉट नको, मला जमिनीवर झोप येते. कालवा दाखव. एकदा तुझ्या शेजारी उभं राहून ते वर-खाली, वर-खाली मला बघायचं आहे.

आत्या


चँडलर
३० ऑक्टोबर १९९६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं नागपूरहून आलेलं कार्ड मिळालं. पद्मिनीबाईंना तू खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः माठाशी उभी राहिलीस, हे वाचून कार्ड उशाशी ठेवलं. चाळीस वर्षांची एवढी गर्दी, आणि वर भटके होते! तुला ते दिसले हे लिहिलंस, मोजले नाहीस हे बरं केलंस.

तू गेल्यावर जवळजवळ महिनाभर मी कालव्याकडे गेले नाही. तुझी चप्पल दारात राहिली आहे. राधिका ती बाजूला करत नाही, मीही करत नाही. सकाळी कामावर जाताना ती ओलांडते आणि दिवसभर बरं वाटतं. इथली हवा आता मऊ झाली आहे. संध्याकाळी शेतावर धूळ आणि ऊन एकत्र होऊन सगळं सोनेरी दिसतं. तू शेजारी उभी राहून पुटपुटत होतीस, 'आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ', ते मी ऐकत होते.

काल गेले. उशीर झालाय, आता नसतीलच असं वाटत होतं. एकच होता. थकून एका वाळक्या काडीला लोंबकळत होता. हात पुढे केला आणि पंख मधोमध धरले, तू शिकवलंस तसे. राधिकाला म्हटलं, फोटो काढ, पण ती कॅमेऱ्याचं कव्हर काढत बसली, आणि तो पाय हलवून इतका तडफडत होता की मला थांबवेना. मी हात उघडला.

फोटो सोबत आहे. त्यात फक्त माझा उघडा तळवा आहे आणि मागे आभाळ. तू भिंग घेऊन बसशील, म्हणून आधीच सांगते, अंगठा बाजूला आहे.

पंखाला डाग नव्हता, आत्या. तोंड पिवळं होतं. तू तर गेलीसच, आता खोटं सांगून मला काय मिळणार? एवढा मात्र माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेव.

तुझी
मैत्री